धावायच्या आधी काय, धावताना काय, आल्यावर काय? नागपूरकर धावणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

रविवारी पहाटे साडेपाचला फुटाळ्याच्या काठावर आमचा घोळका जमतो. कुणी सेमिनरी हिल्सचा चढ मारून आलेला, कुणी अंबाझरीकडून, एकदोघं सायकलवाले. पळून झालं की कठड्याला पाय लावून ताणता ताणता प्रश्न सुरू होतात, आणि ते दर रविवारी तेच असतात. मी पेशाने आहारतज्ज्ञ आणि हौसेने धावणारी, म्हणून सगळे माझ्याकडे वळतात: "ताई, काय खाऊ जी?" तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहूनच काढलं.

आकडे धडधाकट मोठ्या माणसांसाठी आहेत. हिशोब सोपा जावा म्हणून सगळीकडे ६० किलोचा माणूस धरलाय; तुमचं वजन कमीजास्त असेल तर त्या प्रमाणात बदलून घ्या.

पहाटे रिकाम्या पोटी पळावं की काहीतरी खाऊन?

किती पळणार, त्यावर आहे. गप्पा मारत पाऊण तास पळायचं असेल तर रिकाम्या पोटी गेलात तरी बिघडत नाही, रात्रीचं जेवण स्नायूंत साठलेलं असतं. पण आपण झोपलो तरी मेंदू साखर खातच असतो, आणि ती यकृतातून येते. सकाळपर्यंत यकृतातला साठा बराच उतरलेला असतो. म्हणून तासाच्या वर जायचं असेल किंवा वेगाचा सराव असेल, तर अर्धा तास आधी एक केळं किंवा दोन-तीन खजूर. चहासोबत दोन टोस्ट घेणारे आमच्यात बरेच आहेत, त्यांचंही चुकत नाही.

फुल मॅरेथॉनमध्ये ३०-३२ किलोमीटरला पाय एकदम का संपतात?

खाल्लेल्या भात-पोळीची साखर शरीर ग्लायकोजेन म्हणून साठवतं. स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम, यकृतात १०० च्या आसपास. एका ग्रॅमला ४ कॅलरी, म्हणजे सगळं मिळून २००० कॅलरी. आता खर्च बघा. पळताना वजनाच्या दर किलोला दर किलोमीटरमागे साधारण १ कॅलरी लागते. ६० किलोचा माणूस ४२ किलोमीटर पळाला की अडीच हजार. थोडी चरबीही जळते म्हणून गाडी तिसापर्यंत तरी पोचते, नाहीतर आधीच बंद पडली असती. त्यातून हाताच्या स्नायूंत पडून असलेलं ग्लायकोजेन पायांना उसनं मिळत नाही. ज्या स्नायूचं त्यानेच वापरायचं असा शरीराचा कायदा आहे.

हे आजचं ज्ञान नाही. १९२४ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा गळून गेलेल्यांची साखर अगदी खाली आलेली दिसली. पुढच्या वर्षी त्यांनी काही धावपटूंना आदल्या दिवशी भरपूर कार्ब (म्हणजे भात-पोळी-साखरेसारखं पिष्टमय, गोड खाणं) आणि वाटेत साखरेच्या गोळ्या खायला लावल्या. ते बऱ्या अवस्थेत पोचले. १९६७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी मांडीत सुई घालून स्नायूचा कण काढला आणि ग्लायकोजेन प्रत्यक्ष मोजलं. त्यांच्या प्रयोगात कार्ब जवळजवळ बंद केलेली माणसं सायकल दामटताना तासाभराच्या आत थकली, नेहमीच्या जेवणावरची ११४ मिनिटं टिकली, आणि भरपूर कार्ब खाल्लेली १६७ मिनिटं.

हे सगळं मला पुस्तकात पाठ होतं. तरी माझ्या पहिल्या फुल मॅरेथॉनला ३१ व्या किलोमीटरला मी फूटपाथवर बसले. त्याआधी दहा मिनिटं घड्याळात बघून किती वेळ उरला याची वजाबाकी करत होते आणि उत्तर येतच नव्हतं. चाळिसातून पंचवीस गेले की किती, हे सुचेना. तेव्हाच समजायला हवं होतं, की पायांच्या आधी डोकं उपाशी पडलंय. मागून आलेल्या एका काकांनी खिशातून घामाने मऊ झालेला चिक्कीचा कागद काढला, दोन तुकडे हातावर ठेवले आणि "आधी खा, मग रड" म्हणून पुढे गेले. दहा-बारा मिनिटांनी रस्ता परत दिसायला लागला. घरी आल्यावर कमरेच्या पट्ट्यातून दोन जेल (पळताना गिळायचा साखरेचा घट्ट पाक, छोट्या पाकिटातला) निघाले, न फोडलेले. का नाही खाल्ले? तर म्हणे भूकच लागली नव्हती.

म्हणून आता सगळ्यांना सांगते: धावताना भूक हा इशारा धरू नका. ती लागते तोवर उशीर झालेला असतो. घड्याळ बघून खा.

अंगात एवढी चरबी आहे, ती काऊन नाही जळत?

जळते, पण सावकाश. ६० किलोच्या सडपातळ माणसाकडेही ८-९ किलो चरबी असते, म्हणजे सत्तर हजार कॅलरींच्या घरात. मोठा ओंडका रात्रभर धगधगतो, पण घाईने चहा टाकायचा तर काटक्याच लागतात. वेग वाढला की शरीर काटक्यांकडे, म्हणजे कार्बकडे वळतं, कारण तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये त्यातून जास्त ऊर्जा मिळते.

कीटोवाल्यांसाठी, म्हणजे कार्ब जवळजवळ बंद करून चरबीवर राहणाऱ्यांसाठी: ऑस्ट्रेलियात अव्वल दर्जाच्या चालण्याच्या स्पर्धकांवर २०१७ साली असा प्रयोग प्रसिद्ध झाला. जास्त चरबी-कमी कार्बवाल्या गटाची चरबी जाळण्याची ताकद भरपूर वाढली. पण तेवढ्याच वेगाला ऑक्सिजन जास्त लागायला लागला, आणि सरावाचा फायदा शर्यतीच्या वेळेत दिसलाच नाही. वजन उतरवायला कुणी काय करावं हा निराळा विषय. वेळ सुधारायची असेल तर या वाटेला जाऊ नका.

मी भात बंद केलाय. बरोबर ना?

नाही.

आठवड्याला ५० किलोमीटर पळणारा एक तरुण हे अभिमानाने सांगत आला होता. रात्री सूप आणि कोशिंबीर. "ताई, वेग काही वाढून नाही राहिला." कुठून वाढेल?

रोज तासभर सराव असेल तर दर किलो वजनामागे ५ ते ७ ग्रॅम कार्ब लागतात. एक ते तीन तासांचा सराव असेल तर ६ ते १०. आपल्या ६० किलोवाल्याला कमीत कमी ३०० ग्रॅम. ताटात ते असं दिसतं: सकाळी पोह्यांची प्लेट ४५, दिवसभरात चार पोळ्या ७०, दोन वाट्या भात ८०, एक ज्वारीची भाकरी ४५, वरण-उसळ मिळून ४०, दोन केळी ४५, दूध आणि एखादं फळ ३०. झाले साडेतीनशे. यात विकत आणायचं वेगळं काही नाही, आपल्या आजीला ओळखू येणार नाही असं एकही नाव नाही. विश्रांतीच्या दिवशी भाताची एक वाटी कमी करा, लाँग रनच्या, म्हणजे लांब पळण्याच्या, आदल्या दिवशी एक वाढवा. एवढी शिस्त पुष्कळ झाली.

कार्ब लोडिंग म्हणजे आदल्या रात्री पोटभर जेवणं का?

आदल्या रात्री तुडुंब जेवलात तर सकाळी ते पोटातच असेल. खरं लोडिंग दीड ते दोन दिवस चालतं, दर किलोला दिवसाला १० ते १२ ग्रॅम. ६० किलोला ६०० ते ७२० ग्रॅम! हे खाऊन बघितल्याशिवाय किती होतं ते कळत नाही. बहुतेकांना जमत नाही. आठ-नऊ ग्रॅमपर्यंत पोचलात तरी मी खूश.

युक्ती अशी की ताटातलं तूप, तेल, पालेभाजी, कडधान्य थोडं मागे सारायचं आणि जागा भाताला द्यायची. साधा भात-वरण, दही-भात साखर घालून, पोहे, उपमा, साबुदाणा, उकडलेलं रताळं, केळी, लिंबाचं सरबत. पुरणपोळीवर वाटीभर तूप ओतून "लोडिंग करून राहिलो" म्हणणारे भेटतात. ते लोडिंग तुपाचं.

वजन एक-दीड किलोने वाढेल. घाबरू नका; एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्यासोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. आणि हे सगळं फुल मॅरेथॉन किंवा लांबच्या सायकलिंगसाठी. हाफ मॅरेथॉनला आदल्या दिवशी भाताची एक वाटी जास्त, दहा किलोमीटरला काहीच नको.

शर्यतीच्या सकाळी तर्री पोहे चालतील?

पोहे चालतील, तर्री नाही. साधे पोहे हे शर्यतीचं उत्तम खाणं आहे: हलके, कार्ब भरपूर, तंतू कमी. तेल बेताचं, शेंगदाणे आणि मिरची जवळजवळ नको. सुरुवात सहाला असेल तर साडेतीन-चारला उठून प्लेटभर पोहे आणि एक केळं, म्हणजे ६०-७० ग्रॅम कार्ब पोटात गेले. पहाटे घास उतरत नसेल तर ब्रेड-जॅम, दूध-पोहे, गूळ लावलेली पोळी.

तर्री म्हणजे तेल, तिखट आणि हरभरे, तिघंही पळताना पोट ढवळणारे. कस्तुरचंद पार्कजवळच्या गाड्या शर्यत संपल्यावरही तिथेच असतात.

पळताना किती आणि काय खायचं?

तासाच्या आतल्या पळण्याला पाणी पुरे. एक ते अडीच तासांना, दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब. त्याच्याही पुढे, पोटाला सवय असेल तर ९० पर्यंत.

६० आणि ९० च्या मध्ये एक गंमत आहे. आतड्यातून ग्लुकोज रक्तात जायचा दरवाजा एक, फ्रुक्टोजचा दुसरा. ग्लुकोजच्या दरवाजातून तासाला साधारण ६० ग्रॅमच आत जातं. उरलेलं बाहेर रांगेत थांबतं आणि पोट फुगवतं. सोबत फ्रुक्टोज असेल तर दुसरा दरवाजाही उघडतो. महागड्या जेलच्या पाकिटावर दोन साखरांचं गुणोत्तर छापलेलं असतं ते यासाठी. आणि घरातली साखर? ती निसर्गतःच अर्धी ग्लुकोज, अर्धी फ्रुक्टोज. गुळातही मुख्यतः तीच.

आमच्या घोळक्यात चालणाऱ्या गोष्टींचे आकडे, अंदाजाने: मध्यम केळं २०-२५ ग्रॅम, साधे छोटे खजूर दर नगाला ५-६, राजगिऱ्याचा लाडू १५, चिक्कीचा लहान तुकडा १२, जेल २० ते २५. चिक्कीत शेंगदाण्याची चरबी असते, म्हणून वेगात पळताना ती जड जाते. मला ३१ व्या किलोमीटरला तिने तारलं तेव्हा मी बसलेली होते, पळत नव्हते. जेलला माझा विरोध नाही. पाकीट लहान, चावायचं नाही, शर्यतीत सोयीचं. पण सरावाच्या प्रत्येक लाँग रनला दीडदोनशे रुपयांचे जेल गिळायची गरज नाही.

घरचं पेय असं करा: अर्धा लिटर पाणी, सपाट सहा चमचे साखर (३० ग्रॅम), चमच्याचा आठवा हिस्सा मीठ, अर्धं लिंबू. हंगामात लिंबाऐवजी संत्र्याचा रस पिळा, तेवढी साखर थोडी कमी. हे साधारण ६ टक्क्यांचं द्रावण झालं. याहून दाट केलंत तर पोटातून पुढे सरकायला वेळ लागतो. तासात एक बाटली हे आणि सोबत एक केळं, पन्नासच्या वर गेलात.

पहिला घास पाऊण तासाच्या आत. दमल्यावर नाही.

जेल किंवा केळं खाल्लं की पोटात कळ येते. काय करू?

पोटालाही सराव लागतो. पळताना रक्त पायांकडे धावतं, पोटाकडे कमी जातं; त्या अवस्थेत पचवायला आतड्याला शिकवावं लागतं, आणि ते काही आठवड्यांत शिकतंही. लाँग रनला तासाला २० ग्रॅमपासून सुरू करा, दर आठवड्याला थोडं वाढवा. जेल असेल तर साध्या पाण्यासोबत, सरबतासोबत नाही, नाहीतर पोटात पाक होतो. शर्यतीच्या दिवशी एक्स्पोमधून (शर्यतीआधी भरणाऱ्या विक्रीच्या जत्रेतून) आणलेली नवी वस्तू तोंडात घालू नका. दूध न सोसणाऱ्यांनी आदल्या दिवसापासून दूध टाळावं. इतकं करूनही दर वेळी जुलाब किंवा रक्त पडत असेल तर डॉक्टर.

नागपूरच्या उन्हात पाणी किती प्यायचं?

सगळ्यांना एक आकडा सांगता येत नाही, पण तुमचा आकडा घरच्या वजनकाट्यावर काढता येतो. निघण्याआधी लघवीला जाऊन कमीत कमी कपड्यांत वजन करा, तासभर पळा, अंग पुसून परत वजन करा. जेवढं घटलं त्यात प्यायलेलं पाणी मिळवा, झाला तुमचा घाम. मागच्या मे महिन्यातलं माझं गणित: निघताना ५८.४, आल्यावर ५७.३, मध्ये ४०० मिली पाणी, वेळ सव्वा तास. दीड लिटर घाम, म्हणजे तासाला १.२ लिटर. जानेवारीत तेच अंतर, तोच वेग, तासाला ०.६. माणूस तोच, गाव तेच, घाम दुप्पट.

मेमध्ये फसायला होतं ते वेगळ्याच कारणाने. हवा इतकी कोरडी असते की घाम आला तसा उडून जातो. अंग कोरडं, म्हणून वाटतं घाम नाहीच. टोपी काढून बघा, काठाला मिठाची पांढरी नक्षी दिसेल. जुलैत उलटं: घाम नुसता निथळतो, पण उडत नाही, म्हणून अंग थंडच होत नाही. आपला कूलर मेमध्ये गारेगार करतो आणि पाऊस लागला की नुसता चिकचिकाट करतो ना, शरीराचंही अगदी तेच. म्हणून पावसाळ्यात तापमान ३० असलं तरी वेग कमी ठेवा. नव्या उन्हाळ्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस द्या. मार्च-एप्रिलमध्ये एकदम दुपारी पळून बहाद्दुरी दाखवू नका. पारा ४५ वर गेलेल्या दिवसांत पहाटे साडेसहानंतर रस्त्यावर असणं मला तरी पटत नाही.

गेलेला सगळा घाम पळता पळता भरून काढायची गरज नाही. वजनातली घट २ टक्क्यांच्या आत ठेवा, बहुतेकांना तासाला ४०० ते ८०० मिली पुरतं. तहान लागली की प्या, उन्हाळ्यात थोडं तहानेच्या आधी.

जास्त पाणी प्यायल्याने काही होतं का?

होतं, आणि ते जीवावर बेतू शकतं. पाणी पाणी करत घामापेक्षा जास्त ढोसलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं: डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजून अंगठी रुतते, पुढे झटके. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम धोक्याच्या रेषेखाली होतं. हे बहुधा सावकाश धावणाऱ्यांत होतं, कारण त्यांना प्रत्येक टेबलापाशी थांबून ग्लास रिकामा करायला वेळ असतो. शर्यतीनंतर वजन वाढलेलं दिसलं तर समजा, पाणी जास्त झालं.

ओआरएस, नारळपाणी, उसाचा रस, यातलं काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं. ते जुलाबासाठी घडवलेलं आहे: मीठ भरपूर, ऊर्जा नावाला. खूप घाम येणाऱ्याला लांबच्या पळण्यात उपयोगी, पण ते पिऊन "माझं खाणं झालं" समजू नका. पाकीट सांगितलेल्या पाण्यातच मिसळा. लिटरचं पाकीट छोट्या बाटलीत ओतणारे महाभाग आहेत. रंगीत, गोड टेट्रापॅकांवर ओआरएस लिहायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये मनाई केली, तरी दुकानात मागताना सूत्र वाचूनच घ्या.

नारळपाण्यात पोटॅशियम छान, सोडियम कमी. चिमूटभर मीठ घाला. उसाचा रस पळून झाल्यावर. पळताना तो फार गोड पडतो. पन्हं आणि मीठ-जिरं घातलेला मठ्ठा ही उन्हाळ्यातली माझी आवडती भरपाई. आणि पहाटे मठ्ठा पिऊन पळायला जाऊ नका, अनुभवाचे बोल आहेत.

पायात गोळे येतात ते मीठ कमी पडल्यामुळे का?

कधीकधी. पण तेवढंच कारण असतं तर मिठाच्या गोळ्या खाणाऱ्याला कधीच गोळा आला नसता. बहुतेक वेळा दमलेल्या स्नायूचा आणि नसांचा गोंधळ असतो: सरावापेक्षा वेगात पळालात, की विसाव्या किलोमीटरनंतर पोटरी सूड उगवते. परदेशात काकडीच्या लोणच्याचं पाणी पाजून बघितलं, तर गोळा ते पाणी रक्तात पोचायच्याही आधी सुटला. म्हणजे तोंडातल्या झणक्याचीच काहीतरी करामत. आपलं तेलातलं कैरीचं लोणचं त्यासाठी बाटलीत भरू नका. एकाने भरलं होतं.

प्रोटीन किती? मी तर पूर्ण शाकाहारी.

दर किलोला १.२ ते २ ग्रॅम. ६० किलोला ७२ ते १२०. वाटीभर घट्ट वरण ७, उसळ ८, दोन ग्लास दूध १३, दही ६, मूठभर शेंगदाणे ८, पन्नास ग्रॅम फुटाणे १०, पोळ्या-भाकरीतून १५. सदुसष्ट झाले. त्यात ५० ग्रॅम सोयावडी टाकली की २६ आणखी. अंडी खाणाऱ्यांचं तर सोपंच, एका अंड्यात ६. एका वेळी २०-२५ ग्रॅम असं दिवसभरात तीन-चारदा वाटून घ्या. आपल्याकडे सकाळ कोरडी जाते आणि सगळं रात्रीच्या ताटात येतं. हे जमलं तर पावडरचा डबा लागत नाही. प्रवास जास्त असेल, वेळ नसेल, तर पावडर घ्या, त्यात पाप नाही.

पळून आल्यावर अर्ध्या तासात खाल्लंच पाहिजे का?

त्याच दिवशी परत सराव असेल तर हो: पहिले चार तास दर तासाला, दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम कार्ब. उद्याच पळायचं असेल तर घाई नाही, आंघोळ करून नीट जेवा. घटलेल्या दर किलोमागे सव्वा ते दीड लिटर पाणी, सावकाश, खारट काहीतरी सोबत घेऊन. आता तर्री पोहे खा.

चतुर्थी, एकादशी, नवरात्र, रोजे?

आपला उपास धावणाऱ्याला फारसा मारक नाही. साबुदाणा, रताळं, राजगिरा, भगर, केळी: कार्बची चंगळ. कमी पडतं ते प्रोटीन, तेव्हा दूध, दही, शेंगदाणे धरून ठेवा. निर्जळी असेल त्या दिवशी पळू नका. देवाला चालतं, शरीराला चालत नाही. रोजे असतील तर इफ्तारच्या थोडं आधी हलकं पळा किंवा रात्री जेवणानंतर दोन तासांनी, आणि कठीण सराव त्या महिन्यात बाजूला ठेवा.

चहा-कॉफीने वेग वाढतो?

कॅफिनचा फायदा खरा आहे. दर किलोला ३ मिलिग्रॅम, तासभर आधी. ६० किलोला १८० मिलिग्रॅम, म्हणजे दोन कडक कॉफी. टपरीवरच्या कटिंगमध्ये त्याचा लहानसा वाटा असतो. काहींना कॉफीनंतर धडधड होते, काहींना धावत दुसरीकडेच जावं लागतं. लाँग रनला करून बघा, मग शर्यतीत.

मुलगी चांगली पळत होती, आता सारखी दमते. पाळीही चुकते.

हा प्रश्न मला बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारला जातो, म्हणून इथे मोठ्याने लिहिते. पळणं वाढलं आणि खाणं तेवढंच राहिलं, किंवा "हलकी झालीस तर वेगात पळशील" असं कुणी डोक्यात भरवलं, की शरीर काटकसर सुरू करतं. पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, वारंवार दुखापती, चिडचिड. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली याला रेड-एस असं नाव दिलं आणि ते पुरुष खेळाडूंनाही होतं हेही सांगितलं. सलग तीन महिने पाळी आली नाही तर "पळणाऱ्या मुलींचं होतंच असं" म्हणून सोडू नका, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या. वजन उतरवायला सांगणारा प्रशिक्षक असेल तर तो बदला.

सोबत लोहाची तपासणी करा. नुसतं हिमोग्लोबिन नाही, फेरिटिनही, म्हणजे लोहाचा साठा. साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर घसरतं. अळीव, हरभरे, मेथी, बाजरी, खाणाऱ्यांनी कलेजी. शाकाहारी लोह अंगी लागायला व्हिटॅमिन सी लागतं, आणि आपण राहतो संत्र्यांच्या गावात: जेवणासोबत एक संत्रं. चहा मात्र जेवणापासून तासभर लांब. गोळ्या तपासणी झाल्याशिवाय मनाने घेऊ नका. शाकाहारींनी बी-१२ सुद्धा बघून घ्यावं.

२०० किलोमीटरच्या बीआरएमला काय न्यायचं?

बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांबची सायकलफेरी. २०० ला साडेतेरा तास मिळतात, ६०० ला चाळीस. एवढा वेळ नुसत्या गोडावर निघत नाही. सहा तासांनी जेल बघूनही मळमळतं. सायकलवर पोट कमी हलतं, वेगही बेताचा, तेव्हा खरं जेवण पचतं. जबलपूर रोडला देवलापारकडे निघताना माझ्या पिशवीत गूळ-तुपाच्या पोळीची गुंडाळी, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, केळी आणि फुटाणे असतात. ढाब्यावर दाल-भात खाते, तंदुरी रोटी टाळते. दर अर्ध्या तासाला काहीतरी तोंडात, त्यासाठी घड्याळात गजर. आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ साली रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे जवळजवळ ४८०० किलोमीटर, एकट्याने पूर्ण करून आले. तसल्या शर्यतीत गाडीतली मंडळी सायकलस्वाराला तासातासाला भरवत असतात. आपल्याला भरवणारं कुणी नाही, म्हणून गजर.

बाजारातल्या "स्टॅमिना"च्या गोळ्या-पावडरी?

बीटाच्या रसाचा थोडाफार आधार आहे, दोन-तीन तास आधी. लघवी लाल झाली तर दचकू नका. बाकी बहुतेकांवरचा पैसा बुटांवर घाला. जिल्हा-राज्य पातळीवर खेळणाऱ्यांनी तर फारच जपावं: पावडरीत न छापलेला बंदी असलेला पदार्थ निघाला तर "मला माहीत नव्हतं" हे उत्तेजक चाचणीत चालत नाही, चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते.

मला शुगर आहे. पळू का?

पळा, पण डॉक्टरांशी बोलून. इन्शुलिन किंवा काही गोळ्यांवर असाल तर पळताना आणि नंतर रात्रीही साखर खाली जाऊ शकते. खिशात ग्लुकोज, सोबत एक माहीतगार माणूस, आणि आधी-नंतर मोजणं. वर लिहिलेले ग्रॅम तुमच्यासाठी नाहीत.

शनिवारी रात्री सावजीचा बेत आहे आणि रविवारी २५ किलोमीटर. थोडंसं खाल्लं तर?

थोडंसं सावजी खाणारा माणूस मला अजून भेटायचाय. सेमिनरी हिल्सच्या चढावर काय होतं ते आमच्यातल्या एकाला विचारा. नाव सांगत नाही, तो आता शनिवारी दही-भात खातो. बेत रविवारी दुपारवर ढकला. मीही येते, दोन भाकरी जास्तीच्या सांगून ठेवा.